चढलेला सूर

५ ऑगस्ट

आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूच्या नावात सलाम.

तुम्ही मला ओळखता, तरीही ओळख देते, कारण हे पत्र मी मुलगी म्हणून कमी आणि कान तपासणारी म्हणून जास्त लिहिते आहे. आपल्या चर्चच्या मंडळीत जे स्तोत्राला सूर देतात, त्यांची मी मुलगी. पदवी घेऊन आता इथल्या रुग्णालयात लोकांची श्रवणतपासणी करते.

मागच्या महिन्यात बाबा माझ्याकडे राहून गेले. मी त्यांना आमच्या तपासणीच्या खोलीत बसवलं. जाड भिंतींची, कपाटाएवढी खोली असते. कानावर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. जन्मभर पत्रा ठोकून त्यांचे कान किती गेलेत ते मी कागदावर पाहिलं. दोन्ही गेलेत, आणि बरेच.

आपल्याकडे वाद्य नाही. बाबा पहिली ओळ एकटे गातात आणि मंडळी तिथून उचलते. त्यामुळे त्यांचा सूर चढला की सगळ्यांचा चढतो. मी घरी आले होते त्या रविवारी स्तुतीचं स्तोत्र होतं. तिसऱ्या कडव्यापर्यंत म्हाताऱ्या बायकांनी तोंडं मिटली होती, मागच्या बाकावर पोरं खिदळत होती, आणि बाबा डोळे मिटून जवळजवळ एकटेच गात होते. त्यांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, आपण सगळे मिळून या माणसाला फसवतो आहोत, आणि तेही देवासमोर. स्तुती जर खोट्यावर उभी असेल तर ती स्तुती कसली?

म्हणून विनंती, की ही जबाबदारी सन्मानानं दुसऱ्या कोणाकडे द्यावी. शाळेतले मास्तर चांगलं गातात. आणखी एक विनंती, मी लिहिलं हे बाबांना सांगू नका. 'वयोमानानं थोडं कमी झालंय' एवढंच मी त्यांना सांगितलं आहे. खरं कळलं तर ते खचतील.

तुमची,
सूर देणाऱ्यांची मुलगी


१२ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुझा आवाज मला डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. मी 'काय?' म्हटलं की तुझी आई फोन ओढून घेते, आणि मग तासभर मी माझ्याच लेकीच्या गप्पा भिंतीला टेकून बघत बसतो. पत्र बरं. पत्र ओरडत नाही.

एक बातमी आहे. शुक्रवारी पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला, आईच्या कुंड्यांचं कौतुक केलं. माणूस कुंड्यांचं कौतुक करायला लागला की समजावं, पोटात काहीतरी आहे. शेवटी म्हणाले, "दादा, फार वर्षं सेवा केलीत. आता थोडा विसावा घ्या. सूर मास्तर देतील."

मी विचारलं, "माझं काही चुकलं का?"

त्यांनी बुटांकडे पाहिलं. म्हणाले, "छे छे."

भिंगरी, पाळकानं बुटांकडे पाहून 'छे छे' म्हटलं तर त्याचा अर्थ काय होतो? काल मी पहिल्यांदाच खाली, बाकावर बसलो. मास्तर उभे राहिले. तुझी आई म्हणाली, छान गायले. मला फक्त त्यांचं तोंड दिसलं.

घरी येऊन ते स्तोत्र उघडलं, ज्यात विचारलंय की देवाच्या डोंगरावर कोण चढेल, त्याच्या पवित्र जागी कोण उभा राहील. ज्याचे हात स्वच्छ आहेत तो, असं उत्तर आहे. मी हाताकडे पाहत बसलो. पत्र्याचे हात, ते कधी स्वच्छ होते? मला वाटतं पाळकसाहेबांच्या कानावर माझं काहीतरी आलंय आणि ते भिडेखातर बोलत नाहीत. काय आलं असेल ते माझं मीच शोधायचं ठरवलंय. हार्डवेअरवाल्याशी मी कित्येक वर्षं बोलत नाही. तिथून सुरुवात करतो.

तू जेवत जा नीट.

तुझा,
बाबा


१९ ऑगस्ट

प्रिय बाबा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

तुम्ही काय काय मनात आणताय! पाळकसाहेब विसावा म्हणाले म्हणजे विसावा. प्रत्येक गोष्टीच्या मागे पाप कशाला शोधायचं? कोणाची माफी मागायला जाऊ नका, लोकांना उगाच वाटेल काहीतरी घडलंय. तुम्ही घरी बसा, आईला भाजी निवडायला मदत करा. ती हसेल.

आणि बाकावर बसलात म्हणून स्तुती थांबत नाही. सगळ्यात शेवटचं स्तोत्र आठवा. सगळी वाद्यं येऊन जातात आणि शेवटी म्हटलंय, ज्याच्यात श्वास आहे त्या प्रत्येकानं स्तुती करावी. तिथे श्वासाची अट आहे, कानाची नाही.

मी तुमच्यासाठी श्रवणयंत्राची चौकशी करते आहे. मागेच घ्यायला हवं होतं.

तुमची,
भिंगरी


२७ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

श्वासाचं तू मला शिकवू नकोस. ते मीच तुला शिकवलंय, तू माझ्या वर्कशॉपमधल्या फळीवर बसून पाय हलवायचीस तेव्हा. आणि कानाचं कोणी काढलं? मी कानाविषयी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

हार्डवेअरवाल्याकडे जाऊन आलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मी सरळ उभा राहून म्हणालो, "माफ कर. तुझा पत्रा गंजका असतो असं मी सगळ्यांना सांगत फिरलो." त्यानं चष्मा काढला. म्हणाला, "अरे पण तो गंजकाच होता!" गिऱ्हाईक निघून गेलं. मग त्यानं स्टूल पुढे सरकवलं आणि आम्ही बसून राहिलो. इतकी वर्षं ज्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, त्याच्या तोंडाकडेच बघावं लागलं, कारण तसं बघितल्याशिवाय आता मला शब्द लागत नाहीत. बरा माणूस आहे. पण बाहेर आलो तेव्हा मन तसंच जड होतं. म्हणजे ते पाप हे नव्हे.

मग मला शिवणकाम करणाऱ्या बाई आठवल्या. त्यांच्या छपराची पन्हळ मी केली होती, तेव्हा उरलेला पातळ पत्रा वापरला होता. त्यांना काय कळणार, असा विचार केला होता. मी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "दादा, ती अजून गळत नाही हो." पण मी ऐकलं नाही. चांगला पत्रा घेऊन गेलो आणि सगळी पन्हळ बदलली. उतरताना शिडीवरून पाय सटकला. घाबरू नकोस, फक्त घोटा सुजलाय. तुझी आई म्हणते, "या वयात पश्चात्ताप जमिनीवर राहून करा."

रविवारी लंगडत गेलो. स्तोत्र चालू झालं की मी ओठ हलवतो. आवाज काढत नाही. कारण कळल्याशिवाय तोंड उघडणं बरोबर नाही. वरून कोणीतरी गप्प बस म्हणालंय, आणि आपण गातोय, असं नको व्हायला.

तुझा,
बाबा


३ सप्टेंबर

प्रिय बाबा,

घोट्याला गरम पाण्याचा शेक द्या आणि पाय उंच ठेवा. शिडीवर चढायचं नाही. माझी शपथ.

ओठ हलवू नका. गा. कृपा करून गा.

इथे कामाची गडबड आहे. आमच्या वरिष्ठ बाई फार कडक आहेत. काल त्या नव्या मुलीला सगळ्यांसमोर रागावल्या, कारण तिनं एका रुग्णाच्या भावाला फोनवर निकाल सांगितला. बाई म्हणाल्या, "कानाचा कागद फक्त त्या कानाच्या मालकाचा. त्याच्या भावाचा नाही, बायकोचा नाही, देवाच्या दूताचासुद्धा नाही." ती मुलगी रडली. मला तिला समजावता आलं नाही. मी मशीन पुसत राहिले.

लवकर घरी येईन. मला तुमच्याशी बोलायचं आहे.

तुमची,
भिंगरी


१० सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

बोलायचं आहे असं तू लिहिलंस. मलाही बोलायचं आहे, आणि तू येण्याआधी लिहितो, कारण समोरासमोर मला जमणार नाही.

ते पाप सापडलं.

तुला कॉलेजात प्रवेश मिळाला, त्याच्या पुढच्या रविवारी मी मंडळीत उभा राहून देवाचे आभार मानले. आपल्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जाणार होतं. मी आनंदानं गजर करायला सांगणारं ते स्तोत्र दिलं होतं. सगळे म्हणाले, दादा आज असा गायलास की छप्पर हललं. तुझी आई रडली. तू पहिल्या बाकावर होतीस, नवी ओढणी घेऊन.

पण प्रवेशपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी वर्कशॉपमध्ये गुडघे टेकून प्रार्थना केली होती, की तू नापास व्हावीस. सरळ याच शब्दांत. ही गेली की परत येणार नाही, असं मला वाटत होतं. आली तरी आमच्या तोंडाचा वास येईल तिला, असंही वाटत होतं. तू पास झालीस तेव्हा मला राग आला, आणि तो राग खिशात घालून मी स्तुतीला उभा राहिलो. तोंडात स्तुती, पोटात तक्रार. त्या दिवसापासूनचा माझा प्रत्येक सूर खोटा असणार. माणसांना नाही कळलं, पण ज्याला कळायचं त्याला कळलं, आणि त्यानं मला खाली बसवलं. बरोबर केलं.

मला माफ कर, पोरी. तू शिकलीस हे चांगलं झालं. आता मी मनापासून म्हणतो आहे, पण आता माझ्या म्हणण्याला काय किंमत?

बाबा


१४ सप्टेंबर

प्रिय बाबा,

तुम्हाला देवानं खाली बसवलं नाही. मी बसवलं.

मी पाळकसाहेबांना पत्र लिहिलं. तुमचे कान किती गेलेत, तुमचा सूर कसा चढतो, म्हाताऱ्या बायका कशा गप्प होतात, पोरं कशी हसतात, सगळं लिहिलं. दुसऱ्या कोणाला सूर द्यायला सांगा, असंही मीच लिहिलं. आणि माझं नाव सांगू नका, असंही. तुम्हाला मात्र मी 'थोडं कमी झालंय' एवढंच म्हणाले होते. ते थोडं नाही, बाबा. खूप आहे.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तुम्हाला भाजी निवडायला सांगितलं. तुम्ही हार्डवेअरवाल्याकडे गेलात, शिडीवर चढलात, पडलात, आणि मी शेक द्या म्हणून लिहिलं. प्रत्येक वेळी पेन हातात घेताना वाटायचं, या पत्रात सांगू. आणि मग तुमच्या चुकीच्या शोधामागे लपायला मला बरं वाटायचं. तुम्ही दारोदार माफी मागत होतात आणि ती मागायची पाळी माझी होती.

मला वाटत होतं, मी सत्याच्या बाजूनं उभी आहे. आता नीट आठवून पाहते तर पोरं खिदळली तेव्हा मला आधी लाज वाटली होती. देव नंतर आठवला.

तुमच्या त्या प्रार्थनेबद्दल मी काय माफ करू? तुम्हाला मी जवळ हवी होते, आणि मला तुम्ही गप्प हवे होतात. यातलं वाईट कोणतं ते मला दिसतंय.

इथल्या चर्चमध्ये मी रविवारी जाते. स्तुतीचं स्तोत्र लागलं की पान उघडून उभी राहते. आवाज निघत नाही.

भिंगरी


३० सप्टेंबर

भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. मुद्दाम केला. पहिल्यांदा लिहिलं ते तुझ्या आईनं वाचून चुलीत घातलं. दुसऱ्यांदा लिहिलं ते मीच घातलं.

मी बहिरा होतोय हे मला ठाऊक नव्हतं असं तुला वाटलं? तुझ्या त्या कपाटात मी बसलो होतो तेव्हा काचेतून तुझा हात दिसत होता. तू मशीनवर बोट ठेवलंस की मी बटण दाबायचो. तरीही तुझ्या कागदावर बरेच गेले म्हणून आलं, तर विचार कर, किती गेले असतील. मी लपवत होतो, कारण कळलं तर तू काळजी करशील. तू लपवलंस, कारण कळलं तर मी खचेन. दोघंही एकमेकांना फार जपतो, आणि त्यात चांगलेच तोंडावर पडतो.

मला माहीत नव्हतं ते वेगळंच. माझ्यामुळे लोकांना त्रास होतो हे मला माहीत नव्हतं. ते चिडले असते, हाताला धरून थांबवलं असतं, तर मी थांबलो असतो. कोणी बोललं नाही. तू बोललीस, पण मला सोडून. तुझं पत्र खरं होतं, पोरी. पत्ता चुकला.

आणि नंतरचे सगळे आठवडे गप्प बसलीस, ते मला जास्त लागलं. मी रात्री देवाला विचारत होतो, सांग ना काय चुकलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, ते तुझ्याकडे होतं.

हार्डवेअरवाल्याची मागितलेली माफी मी परत घेणार नाही. तो आता रोज संध्याकाळी येतो आणि मोठ्यानं बोलतो. बाईंची पन्हळही राहू दे. तुझ्याविषयी केलेली प्रार्थना खरीच वाईट होती, त्यातून तू मला असं सहज सोडू नकोस.

आता काम ऐक. मला पुन्हा सूर द्यायचा नाही. मास्तर देतील. पण मला गायचं आहे. ओठ हलवून हलवून माझा जबडा दुखतो, आणि आत काहीतरी कुजल्यासारखं वाटतं. तुझं ते कानाचं यंत्र येईल तेव्हा येईल, पण आत्ता माझी अडचण अशी, की मी गायला लागलो की कुठे आहे ते मला कळत नाही. तुझ्या आईचा उपयोग नाही. मी जिथे जाईन तिथे ती माझ्यामागे येते, सुरातसुद्धा. मी चढलो की तीही चढते, आणि आम्ही दोघं आख्ख्या मंडळीला घेऊन वर निघतो.

रविवारी ये. माझ्या शेजारी बस. माझ्या हातावर हात ठेव. मी चढलो की दाब. मी खाली येईन. जमलं नाही तर गप्प होईन. काय सांगायचं ते माझ्या हातावर सांग.

बाबा


७ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

कामावर आल्या आल्या लिहायला बसले आहे. बाहेर रुग्ण बसलेत, बाई अजून आल्या नाहीत.

कालपासून माझं मन पिसासारखं झालं आहे. तुम्ही पहिल्या ओळीला तोंड उघडलंत तेव्हा पुढच्या बाकावरच्या बाई मागे वळल्या आणि हसल्या, तुम्ही पाहिलंत ना? मीही गायले. इतक्या दिवसांनी माझ्या गळ्यातून आवाज निघाला, आणि तो तुमच्या आवाजाच्या मागून निघाला.

आणि खरं सांगू? मला वाटलं होतं त्यापेक्षा तुम्ही कितीतरी चांगलं गायलात. फक्त एकदा, पहिल्या स्तोत्राच्या दुसऱ्या कडव्यात चढलात. मी हात दाबला आणि तुम्ही लगेच खाली आलात, पायरी उतरावी तसे. बाकी सगळं ठीक होतं. शेवटचं स्तोत्र तर अगदी मोकळं झालं.

देवाचे आभार मानते. आता मला झोप लागेल.

तुमची,
भिंगरी


१० ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

'फक्त एकदा' हे वाचून मला फार आनंद झाला. तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती भांडी जोरात ठेवायला लागली. भांडी इतक्या जोरात, की मलाही कळलं.

मग मी मास्तरांच्या घरी गेलो. आता मी सरळ विचारतो, ती सवय लागली आहे. विचारलं, "मास्तर, रविवारी मी किती वेळा चढलो?"

मास्तरांनी बुटांकडे पाहिलं. मी म्हणालो, "बुटांकडे नको, इकडे बघा. तोंड दिसलं नाही तर मला ऐकू येत नाही."

तेव्हा ते म्हणाले, "पहिल्या स्तोत्रात एकदा. मधल्या स्तोत्रात एकदा. आणि शेवटचं स्तोत्र दादा, जवळजवळ सगळंच."

"मग माझी लेक काय करत होती?"

"तिचा हात तुमच्या हातावर होता. डोळे मिटलेले होते. रडत असावी."

भिंगरी, मी तुझा हात ऐकत होतो. मास्तरांचा आवाज येत नव्हता, मंडळीचा येत नव्हता, तुझ्या आईचाही नाही. मला एकच ऐकू येत होतं, तुझा हात. शेवटच्या स्तोत्रात तो शांत होता. मी म्हटलं, वा, आज जमलंय. म्हणून मी आणखी मोठ्यानं गायलो. तू शेजारी असूनही मी पुन्हा एकटाच वर गेलो होतो.

तू का दाबला नाहीस ते मला कळतं. माझा चेहरा बघवला नसेल. पहिल्यांदा दाबलास तेव्हा मी दचकलो, ते तू पाहिलंस. मी दचकणारच. पुढच्या वेळीही दचकेन. तुला ते बघावं लागेल. पाळकसाहेबांना लिहिताना माझा चेहरा समोर नव्हता, म्हणून तुला खरं जमलं.

मी रागावलेलो नाही. रागावलो असतो तर हे पत्रही चुलीत गेलं असतं. पण या रविवारी मी तोंड उघडलं नाही तर आई विचारेल, आणि मला तिला सांगावं लागेल की ज्या हातावर मी विसंबलो तो माझ्यावर माया करतो, म्हणून खरं बोलत नाही.

रविवारी ये. शेवटचं स्तोत्र पुन्हा तेच आहे, मी मास्तरांना सांगून ठेवलंय. दचकलो तरी दाब. रडलो तरी दाब. हात गप्प ठेवून मला देवासमोर पुन्हा एकटा सोडू नकोस.

तुझा,
बाबा